आपल्या घरांत असं खात नाहीत

चेन्नईत माणूस माणसाला भेटला की पहिली चौकशी जेवणाची. 'साप्टिंगळा?' म्हणजे जेवलात का. सकाळी नऊला विचारतात, दुपारी चारला विचारतात, बँकेच्या खिडकीत विचारतात. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली आणि मी आत होते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने फटीतून डोकावून आधी मला जेवलात का विचारलं आणि मग सांगितलं की थोडा वेळ लागेल.

मी बार्शीची. नोकरीसाठी चेन्नईतल्या वेलचेरीत येऊन पडले तेव्हा मला ही खरीच चौकशी वाटायची. सकाळी घाईत निघताना वॉचमनने विचारलं, तर मी सरळ 'इल्ले', म्हणजे नाही, म्हणून टाकलं. बिचाऱ्याने स्वतःच्या डब्यातला निम्मा लिंबूभात माझ्यापुढे केला. त्या दिवशी मी एवढी ओशाळले की पुढे कायमचं उत्तर पाठ करून टाकलं. 'आच्चु', म्हणजे झालं. पोटात कावळे ओरडत असले तरी आच्चु. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की सगळं शहर हेच करतं. विचारणारा मायेने विचारतो, सांगणारा मायेने खोटं सांगतो, आणि दोघं आपापल्या कामाला लागतात.

हा प्रश्न कधीच न विचारणारं एकच माणूस मला त्या शहरात भेटलं. आमच्या मजल्यावरच्या अंबुजा टीचर.

टीचर म्हणजे अंबुजाबाई. तंजावरकडचं मराठी घराणं, सगळी नोकरी तिकडच्याच एका शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला, आणि मुलीने घेतलेल्या या फ्लॅटमध्ये टीचर एकट्या राहात. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. अंग काटकुळं, पण आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा. इमारतीतली पोरंसोरं, त्यांचे आईबाप, इस्त्रीवाला, सगळे त्यांना टीचरच म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

त्यांची पहिली ओळख झाली ती त्यांच्या दारामुळे. रोज सकाळी त्यांचं दार सताड उघडं असे. दारातच खुर्ची, खुर्चीत टीचर, आणि मांडीवर स्टीलचा खोलगट वाडगा. त्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्यावर थोडं ताक, बाजूला छोटे सोललेले कांदे. हाताने भात कुस्करायचा, कांद्याचा चावा घ्यायचा, भांडं ओठाला न लावता पाणी प्यायचं. लिफ्टकडे जाणारा-येणारा प्रत्येक जण ते बघणार. बघावं म्हणूनच दार उघडं असावं, असं वाटण्याइतकं ते उघडं होतं.

मी नवी. कुलूप लावता लावता इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणाले, तर समोरून आलं, "मराठी तू? या मा, या. बस. पाणी होणा का?"

होणा म्हणजे पाहिजे का, हे कळायला मला क्षणभर लागलं. पण परक्या गावात सकाळी सकाळी मराठी कानावर पडलं म्हणून मी अशी काही हरखले की आत जाऊन बसलेच. आणि बसल्याबसल्या जीभ सैल सुटली. "हे काय, शिळा भात?"

"पळैय सोरु. रात्रीचा भात, सकाळी खायाचा."

"बाई! आम्ही फोडणी तरी घालतो. नुसता असा पाण्यातला? आमच्या घरात असं खात नाहीत."

मी हे हसत म्हटलं होतं. सगळे मराठी लोक परमुलखात जाऊन जे बोलतात तेच. सांबारात गूळ का नाही, चहाला वास का नाही, त्यातलंच. पण टीचरांचा हात वाडग्यातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे पाहिलं, जणू हे वाक्य तिथून कसं आलं ते बघत होत्या. मग उरलेला भात घाईघाईने संपवला आणि म्हणाल्या, "बेस. उशीर होईल तुला. जा." मला वाटलं, म्हातारी रागावली. संध्याकाळी मी मुद्दाम शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. त्यांनी ती आनंदाने घेतली, चाटून पाहिली, जिन्नस विचारले. सकाळचा विषय दोघींनीही काढला नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागले ती जवळजवळ रोज. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर जगाचा एक मोठा, कडा उसवलेला शाळकरी नकाशा होता. टीव्ही नव्हताच. दुपारी त्या फोनवर व्हिडिओ बघत, पण कसले, तर लोक जेवतानाचे. हॉटेलातले नव्हेत. हॉटेलातलं ताट दिसलं की त्या अंगठ्याने झटकन पुढे ढकलत. त्यांना बघायची असे बोलिव्हियातली बाजारात बसलेली भाजीवाली, इथिओपियातला शिंपी, मंगोलियातली दूध उकळणारी सून. ही माणसं रोज काय खातात? सणाला नव्हे, पाहुणे आल्यावर नव्हे. मंगळवारी काय खातात?

"मंगळवारीच का टीचर?"

"मंगळवारला कोण विचारतो? मणून."

माझं काम परदेशातल्या लोकांशी. पोलंडच्या एका बाईबरोबर रोज फोनवर बैठक असायची. टीचरांनी माझ्यामागे टुमणंच लावलं. त्या बाईला विचार, शाळेत असताना ती सकाळी काय खायची. मी टाळाटाळ करून शेवटी विचारलं. ती बाई आधी दचकली, मग इतकी बोलली, इतकी बोलली, की कामाचं राहूनच गेलं. आंबवलेल्या पिठाचं सूप, त्यात उकडलेला बटाटा. मी टीचरांना सांगितलं. त्या उठल्या, नकाशापाशी गेल्या आणि पोलंडवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"बघ. एक उकडलेलं, त्याला लागून काही आंबट. अस्कं जग तेवढंच खातं."

अस्कं म्हणजे सगळं. हा त्यांचा सिद्धांत होता आणि त्या तो कुठेही लावून दाखवीत. भाकरी नि ताक, भात नि चिंच, मका नि लिंबू. माझ्या बार्शीच्या ज्वारीलाही त्यांनी त्यात बसवलं. मी विचारलं, मग पुरणपोळीचं काय? तर म्हणाल्या, "ती जेवण नव्हे. ती सांगायला असते."

मात्र गंमत अशी की जगाच्या ताटात एवढं डोकावणारी ही बाई समोरच्या माणसाला चुकूनही जेवलीस का असं विचारत नसे. मी दमून, तोंड उतरून दारात उभी राहिले तरी नाही. त्या नुसतं ताट आणून समोर ठेवत. खाल्लं तर खाल्लं. नाही खाल्लं तर झाकून ठेवत. मी म्हटलंसुद्धा एकदा, की अख्खं गाव विचारतं, तुम्हीच तेवढ्या विचारत नाही. त्या म्हणाल्या, "विचारलं की माणूस खोटं बोलतो. आपण त्याला खोटं बोलायला लावू नये."

वेलचेरीत पाणी भरलं त्या वर्षी हे मी डोळ्यांनी पाहिलं. तळमजल्यावर गुडघाभर पाणी, वीज गेलेली, दुकानं बंद. सोसायटीच्या उत्साही मंडळींनी दारोदार फिरून विचारपूस चालवली, जेवण आहे का, काही हवंय का. जो तो म्हणे, आहे आहे, आम्ही ठीक आहोत. तळमजल्यावरून वर सरकवलेलं एक नवं जोडपं होतं, बिहारकडचं. तेही म्हणाले, खाना खा लिया. टीचरांनी कुणाला काही विचारलं नाही. गॅसवर भाताचं पातेलं चढवलं, चिंच-मिरीचं रसम केलं, आणि मला हाताशी घेऊन प्रत्येक दाराशी एकेक ताट ठेवत, दार ठोठावत, ते उघडायच्या आत पुढे सरकत राहिल्या. त्या वयात त्या जिना कशा चढत-उतरत होत्या देव जाणे. परत येताना बघितलं, त्या जोडप्याच्या दाराशी ताट रिकामं होतं, धुऊन ठेवलेलं. टीचर त्याकडे बघून म्हणाल्या, "बघ. खाना खा लिया."

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यात टीचर पहिल्यांदा चिडलेल्या दिसल्या. वरच्या मजल्यावर एक तरुण राहायचा. व्यायामशाळेत जाणारा, दंड दाखवत फिरणारा. पळैय सोरु म्हणजे आता मोठं अमृत झालंय, पोटाला थंड, कातडीला छान, असं त्याला फोनमधून कळलं होतं. मोठमोठ्या हॉटेलांत म्हणे तो मातीच्या वाडग्यात मिळतो. एका सकाळी तो टीचरांच्या दारात फोन रोखून उभा.

"टीचर, एक व्हिडिओ? तुमची ही जुनी परंपरा लोकांना सांगा ना. हे खास कोण खातं?"

"ज्याला दुसरं मिळत नाही तो," टीचर म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं. कधी नव्हे ते लावलं. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. पोरगा वाईट नव्हता, त्याच्या तोंडावर दार आपटायचं कारण काय? संध्याकाळी मी तसं बोलून दाखवलं. तेव्हा त्यांनी मला तुळजा नावाच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितली. आवाज खाली न आणता सांगितली, वर्गात धडा सांगावा तशी. मध्येच कुठे थांबल्या नाहीत.

शाळेत त्यांचा एक उपक्रम होता आणि त्याचं गावात नाव होतं. भूगोलाच्या तासाला आधी मुलांना एकेक करून उभं करायचं, आज सकाळी काय खाल्लं ते विचारायचं, फळ्यावर लिहायचं, आणि तिथून धडा सुरू करायचा. तांदूळ कुठे पिकतो, नाचणी कुठे पिकते, जपानचा मुलगा काय खातो. मुलं खूष असत. एक दिवस तपासणीला मोठे साहेब आले. टीचरांनी अर्थात हाच तास दाखवला. साहेब रंगले आणि म्हणाले, तुम्ही मराठी ना, तुमच्या लोकांचं खाणं राजवाड्यातलं म्हणतात, त्याबद्दल सांगा की. वर्गात मराठी मुलगी एकच होती. तुळजा. लग्नाकार्यात स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याची मुलगी. टीचरांनी मोठ्या ऐटीत तिला उभं केलं.

तिकडे मुलं उत्तर देताना हाताची घडी घालून उभी राहतात. तुळजा तशी उभी राहिली आणि तामिळमध्ये म्हणाली, पळैय सोरु आणि कांदा.

"कोणी हसलं नाही मा," टीचर म्हणाल्या. "अर्धा वर्ग तेच खाऊन आला होता. साहेब पण हसले नाहीत. लाज मला एकटीला वाटली."

आणि त्यांनी, चेहऱ्यावर हसू ठेवून, मुलीला धीर देतोय असं दाखवत, वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही न कळणाऱ्या मराठीत तिला सांगितलं, "खोटं नक्को बोलू. आपल्या घरांत असं खात नाहीत. पोळी सांग."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने पोळी, म्हणजे तिकडची पुरणपोळी, म्हणून सांगितलं. साहेबांनी तिचं कौतुक केलं.

ते इथंच संपलं असतं तर कदाचित टीचर विसरल्याही असत्या. पण दुसऱ्या दिवसापासून तुळजा रोज हात वर करू लागली. आज सुरळीपोळी, आज तिखट पुरी, आज डांगर. बापाच्या तोंडून ऐकलेली सगळी नावं तिला येत होती. टीचर ती फळ्यावर लिहीत होत्या. खोटं आहे हे त्यांना कळत होतं आणि ऐकायला बरंही वाटत होतं. तिकडच्या शाळेत दुपारी सरकारी जेवण मिळतं, मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. तुळजा रांगेत गेली की बाकीची मुलं म्हणू लागली, पोळी आली, पोळीला जागा द्या. वाढणाऱ्या बाईनेही एकदा म्हटलं, तू गं कशाला, तुझ्या घरी तर राजाचं जेवण. तुळजा रांगेत जायची बंद झाली. दुपारभर कडुलिंबाखाली बसायची, मांडीवर डबा घेऊन. झाकणावर बोटं वाजवत. टीचरांच्या हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. एकदा तिला पाणी प्यायला पाठवून त्यांनी तो डबा सहज उचलला. त्यात काही नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी डबा नेला. तिने हाताची घडी घातली. वेंडाम टीचर, नक्को मणाली. साप्टेन, जेवले मणाली. पोळी खाल्ली मणाली." टीचरांनी साडीच्या पदराने चष्मा पुसला. "तामिळमध्ये बोलली. त्याच्या आधी माझ्याशी नेहमी मराठी बोलायची. मग कधी नाही बोलली."

परीक्षेच्या आधी तिच्या बापाने बिऱ्हाड चेन्नईला हलवलं. टीचरांच्या मनात पुष्कळ होतं की तिला वर्गापुढे उभं करून माफी मागावी. पण वर्गाला सांगणार काय? त्या काय बोलल्या होत्या ते वर्गाला कळलंच नव्हतं. तेव्हापासून त्यांनी काय खाल्लंस हा प्रश्न टाकला, आणि त्या सकाळचं दार उघडं ठेवायला लागल्या.

मला माझं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवत होतं आणि कान तापले होते. समजावणीचं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, लहान होती ती, विसरलीही असेल. टीचर म्हणाल्या, "मी मोठी होते. मी नाही विसरले."

चेन्नईतल्या तंजावरी मराठी मंडळींचं वर्षातून एकदा एकत्र जेवण असतं, एग्मोरच्या एका मंगल कार्यालयात. त्याचा निरोप टीचरांच्या फोनवर यायचा आणि बारीक अक्षर वाचायला फोन माझ्याकडे. त्या वर्षी मी मोठ्याने वाचलं, पानावर पोळी आहे, डांगर आहे, वांगीभात आहे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "टीचर, आपण जायचं! मी घेऊन जाते तुम्हाला." खाली लिहिलं होतं, स्वयंपाक तुळजाबाई आणि मंडळी. तेही मी वाचलं, आणि वाचता वाचता थांबले.

"दरसाल तेच नाव येतं," टीचर म्हणाल्या. "मी दरसाल पुसून टाकते."

माझ्या मनात आलं, आता नाहीच म्हणतील. पण त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, बंद केला, आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

टीचर रिक्षात बसल्या. चांगली रेशमी साडी नेसल्या होत्या आणि मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरली होती. पिशवीत स्टीलचा डबा होता. एवढ्या पंगतीला जाताना डबा कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी हल्ली त्यांना प्रश्न विचारताना विचार करत होते.

कार्यालय वरच्या मजल्यावर, आत गर्दी. लोक एकमेकांना अण्णा, अक्का म्हणत होते, निम्मं तामिळ, निम्मं मराठी. कुणाला कुणाचे आजोबा आठवत होते. लांबलचक टेबलं, वर केळीची पानं. आम्ही कडेला बसलो. पोळ्यांचं तबक घेऊन ती स्वतः आली. पन्नाशीची, भरल्या अंगाची, नाकात चमकी, पदर खोचलेला, मागे वाढप्यांची रांग. प्रत्येक पानाशी थांबून हसत होती, आग्रह करत होती. हीच तुळजा, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

टीचर आपल्या पानाशी सरळ बसल्या होत्या, पानाला हात न लावता. ती समोर आल्यावर त्यांनी मान वर केली आणि एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून न ऐकलेलं विचारलं.

"तुळजा, आज काय खाल्लंस?"

तुळजाबाईंनी ओळखलं. लगेच ओळखलं, असं मला वाटतं. त्यांनी तबक टेबलावर ठेवलं, हाताची घडी घातली, आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात तामिळमध्ये म्हणाल्या, "पोळी, टीचर. डांगर. तिखट पुरी."

आजूबाजूचे हसले. जुनी विद्यार्थिनी टीचरांशी लाडाने बोलतेय असं त्यांना वाटलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"खरं सांग," टीचर मराठीत म्हणाल्या.

तुळजाबाई वाकल्या. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, दुरून बघणाऱ्याला वाटावं की पाया पडतायत. हळूच, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "खरं कशाला, टीचर? आपल्या घरांत असं खात नाहीत."

मग त्यांनी टीचरांच्या पानावर पोळी ठेवली, तूप सोडलं, माझ्या पानावर ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेल्या. ती पोळी कशी होती मला सांगता येणार नाही. मी ती खाल्ली एवढं आठवतं. मान खाली घालून खाल्ली. मीच आणलं होतं त्यांना इथे, पोळीच्या लोभाने, आणि आता त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. टीचरांनीही सगळं पान स्वच्छ केलं, एक कण टाकला नाही, आणि पान दुमडलं.

पंगती उठल्या. हात धुवायला माणसं निघाली. मी म्हटलं, चला टीचर, रिक्षा बघते. त्या म्हणाल्या, "तू बघ. मी येते." आणि पिशवी घेऊन मागच्या बाजूला, भांडी घासत होते तिकडे, निघाल्या. मला राहवलं नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि दारापाशीच थांबले.

सगळ्यांचं वाढून झाल्यावर स्वयंपाकाची माणसं आता टेकली होती. दिवसभर गोडाच्या वाफेत उभं राहिलेल्या माणसाला ते जेवण जात नाही, हे मला माझ्या बार्शीच्या लग्नघरांतून ठाऊक होतं. तुळजाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, पाय लांब करून, समोर घरून आणलेला डबा उघडा. पाण्यातला भात दिसला, दोन-तीन कांदे दिसले. त्यांचा हात डब्याकडे गेला होता. टीचरांची सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं, आणि झाकण लावलं.

नळाखाली पातेली खडखडत होती. मग टीचर त्या ओल्या फरशीवर, रेशमी साडीनिशी, तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वेळ लागला. तुळजाबाईंनी हात पुढे केला नाही. टीचरांनी पिशवीतून आपला डबा काढला, उघडला, आणि दोघींच्या मध्ये ठेवला. सकाळचा पळैय सोरु. कांदा.

मी मागे फिरले. ते बघायचा मला अधिकार नव्हता. खाली जाऊन रिक्षा बोलावली, रिक्षावाल्याने मला जेवलात का विचारलं, मी आच्चु म्हटलं. बराच वेळ झाला तरी टीचर खाली आल्या नाहीत आणि तो थांबेना, म्हणून पुन्हा वर बोलवायला गेले.

पुढे मी नोकरी बदलून पुण्याला आले. मध्ये कितीतरी वेळा टीचरांकडे बसले होते, त्यांच्या हातचं जेवले होते, नकाशावर त्यांनी मला अजून चार-दोन देश जेवू घातले होते. त्या दिवसाबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळचं त्यांचं दार पूर्वीसारखंच उघडं असायचं. पण मला आठवतात त्या दारातल्या टीचर नव्हेत. दुसऱ्यांदा वर गेले तेव्हा दिसलेल्या आठवतात.

कार्यालयातले दिवे मालवून झाले होते. वाढपी निघून गेले होते. तुळजाबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या, बोटं झाकणावर. टीचर त्यांच्यासमोर ताठ बसल्या होत्या, उघडा डबा पुढ्यात, हाताची घडी घालून. तुळजाबाईंचा डबा अजून बंदच होता.